बंपर काढलेल्या सीजे-३बी जीपला पुढे स्प्रेडर बार: पाइप कुठला, वेल्ड करायचा की बोल्ट?

खानापूर_३बी

नमस्कार मंडळी. गाडी महिंद्रा सीजे-३बी, उजव्या हाताचं स्टिअरिंग, मूळ हरिकेन इंजिन. आधीच्या मालकानं पुढचा मूळ बंपर काढून टाकलाय आणि चासीच्या दोन्ही शिंगांना (पुढे आलेल्या टोकांना) सुटे टो-हूक (गाडी ओढायचे आकडे) लावलेत. म्हणजे रेडिएटरखालच्या क्रॉसमेंबरच्या (चासीच्या आडव्या तुळईच्या) पुढे चासीची दोन टोकं एकमेकांना कुठंच बांधलेली नाहीत.

लक्षणं अशी: जांबोटी रस्त्यावरच्या खड्ड्यांतून गेलं की स्टिअरिंग आपोआप किंचित उजवीकडं जातं. पूर्ण वळण घेताना पुढून कट्कट् आवाज येतो. उजव्या पुढच्या शॅकलचे (स्प्रिंगचा पाटा चासीला जोडणाऱ्या हलत्या कडीचे) आटे खाल्लेत, डावा ठीक आहे. टेप लावून बघितलं तर क्रॉसमेंबरपाशी आतून-आतून जेवढं अंतर आहे त्यापेक्षा टोकाशी ९ मिमी जास्त भरतंय.

पुढे आडवा स्प्रेडर बार, म्हणजे दोन्ही शिंगं एकमेकांना बांधणारा पाइप, टाकायचा विचार आहे. प्रश्न चार:
१) पाइप कुठला आणि किती जाड?
२) चासीला थेट वेल्ड करू की बोल्टनं बसवू?
३) बोल्ट आवळूनच ते ९ मिमी आत ओढून घेतलं तर चालेल का?
४) इंजिन सुरू करायचं हँडल मारायला जागा कशी ठेवायची?

---

येळ्ळूरकर

एवढं कशाला करूलासा ओ? मूळ बंपर म्हणजेच तुमचा स्प्रेडर बार की. सरळ चॅनेलचा बंपर, दोन्ही शिंगांना गसेट प्लेटसकट, म्हणजे कोपऱ्याच्या आधाराच्या प्लेटसकट, बोल्ट केला की काम झालं. हँडलचं भोकपण मधोमध आयतंच असतंय. कोल्हापूरच्या भंगार बाजारात हुडका, मिळंल. फक्त गसेट सोडून नुसता बंपर घेऊन येऊ नका. गसेट नसंल तर तो नुसता शोभेला.

---

उद्यमबाग_वेल्डर

येळ्ळूरकर अण्णांचं बरोबर आहे, मूळ बंपर मिळाला तर पहिला मान त्याचाच. पण बार करायचा असेल तर तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण बहुतेक ठिकाणी घोळ तिथंच होतो.

बार हा ओढायचं हत्यार नाही. सरळ झालेल्या चासीला तिथंच धरून ठेवणं एवढंच त्याचं काम. ९ मिमी बोल्टनं ओढलेत तर शिंग स्प्रिंगसारखं ताणलेलं राहतं, आणि तो ताण क्रॉसमेंबरच्या रिव्हेटवर कायमचा बसतो. सहा महिन्यांत रिव्हेटभोवती लालसर भुकटी दिसायला लागते, मग चीर. म्हणून आधी मोजणी, मग सरळ करणं, मग बार.

मोजणी नुसती या शिंगापासून त्या शिंगापर्यंत करू नका. ९ मिमीतलं किती उजवीकडचं आणि किती डावीकडचं, हे त्यात कळत नाही. सपाट काँक्रीटवर गाडी चार घोड्यांवर (स्टँडवर) घ्या. घोडे चासीखाली ठेवा, अॅक्सलखाली नको. पुढच्या आणि मागच्या स्प्रिंग ब्रॅकेटच्या पिनपासून ओळंबा सोडा आणि जमिनीवर खडूनं खुणा करा. मागच्या दोन खुणांचा मध्य आणि क्रॉसमेंबरखालच्या दोन खुणांचा मध्य जोडून दोरी धरा. ही तुमची मध्यरेषा. आता प्रत्येक शिंगाचं टोक या रेषेपासून किती लांब आहे ते वेगवेगळं मोजा. शिवाय तिरकी मापं: पुढचा उजवा ते मागचा डावा, आणि उलट. दोन तिरप्या मापांत ३ मिमीपर्यंत फरक असेल तर सोडून द्या. त्याहून जास्त असेल तर नुसतं शिंग नाही, अख्खी चासी चौकोनातून निघाली आहे, आणि ते काम या बारच्या पलीकडचं.

मोजण्याआधी शिंगांवरचा रंग आणि माती वायर ब्रशनं पूर्ण काढा. आपल्याकडची तांबडी माती चिरेत बसली की चीर दिसतच नाही. स्टिअरिंग बॉक्स जिथं बोल्ट झालाय ती उजवी रेल (चासीची लांब बाजू) जास्त नीट बघा.

पाइपचं सांगतो. २५ एनबी (नाममात्र व्यास, मिमीत) काळा पाइप, बी क्लास (मध्यम जाडीचा). बाहेरचा व्यास ३३.७ मिमी, जाडी ३.२ मिमी, वजन मीटरला साधारण २.४ किलो. सी क्लास घेतलात तर जाडी ४ मिमी, पण इथं त्याची गरज नाही. जीआय पाइप आणू नका. जस्ताचा धूर छातीला वाईट, आणि वेल्डमध्ये फुगे राहतात. दुकानात तुकडा घेताना शिवण बघून घ्या, आत-बाहेर गंजून खवले सुटलेला नको.

दोन्ही टोकांना ५०×६ ची एमएस पट्टी, १०० मिमी लांब. ही पट्टी शिंगाच्या आतल्या अंगाला *आडवी* बसवायची, कारण पुढे शिंगाची उंची कमी होत जाते आणि उभी पट्टी बसत नाही. प्रत्येक पट्टीला दोन भोकं, मध्यापासून मध्यापर्यंत ७० मिमी. म्हणजे कडेपासून १५ मिमी उरतं आणि पाइपच्या वेल्डला न अडता १७ नंबरचा सॉकेट आत जातो. एकाच बोल्टवर बार लावू नका, तो बिजागरीसारखा फिरतो.

बोल्ट एम१०, ८.८ ग्रेड, नायलॉक नटसकट, ४५ न्यूटन-मीटर. एक खबरदारी: जीपची मूळ भोकं इंची आहेत. ३/८ चा बोल्ट ९.५ मिमीचा, एम१० त्यात ठोकून घालू नका. एकतर भोक १० ला रीम करा (रीमरनं नेमकं मोठं करा) किंवा ३/८ यूएनएफ (बारीक इंची आट्याचा) बोल्ट आणा, टॉर्क जवळपास तोच. नवीन भोक पाडायचंच असेल तर रेलच्या उभ्या बाजूत, उंचीच्या मध्याजवळ. वरच्या-खालच्या फ्लँजला (आडव्या कडांना) ड्रिल लावू नका. रिव्हेट आणि शॅकल ब्रॅकेटपासून निदान २५ मिमी लांब राहा. रेलच्या त्या भागाला आतून प्लेट मारून पेटी केलेली असेल तर बोल्टच्या जागी आत स्लीव्ह हवी. नसली तर आवळताना पेटी चेपते आणि बोल्ट कायम ढिला राहतो.

बार गाडीवरच टाके (छोटे तात्पुरते वेल्ड) मारून जुळवायचा. शिंगांचा आतला पृष्ठभाग एकमेकांना अगदी समांतर कधीच नसतो, त्यामुळे गुण्यात कापलेली पट्टी दिसायला छान पण बसायला वाईट. आधी दोन्ही पट्ट्या शिंगांना बोल्ट करा, मग पाइप मध्ये धरून प्रत्येक टोकाला चार टाके, समोरासमोर. पाइपची लांबी अंतरापेक्षा २ मिमी कमी ठेवा. टाके मारताना बॅटरी काढा आणि अर्थिंग वेल्डच्या शेजारीच लावा, नाहीतर करंट किंगपिन आणि बेअरिंगमधून वाट काढतो.

मग बार काढून टेबलावर पूर्ण वेल्ड. पट्ट्या एखाद्या जाड अँगलला बोल्ट करून, नाहीतर ओढल्या जातात. ३.१५ ची ६०१३ वेल्डिंग सळी, १०० ते ११५ अँपिअर, साधारण ४ मिमीचा फिलेट चौफेर. दुसरं टोक बंद करण्याआधी पाइपला ३ मिमीचं भोक पाडा. आत कोंडलेली हवा तापली की शेवटच्या इंचभर वेल्डला फोडून बाहेर येते, आणि तिथं कितीही सळी घाला, भोक बुजत नाही. बसवताना हेच भोक खाली आलं की पाण्याला वाट होते.

वेल्डनंतर बार मिलिमीटरभर आखडतो. तो फरक शिमनं (पातळ पत्र्याच्या तुकड्यांनी) भरायचा. ०.५ आणि १ मिमी पत्र्याचे, दोन भोकांचे. हातानं सरकून बसला पाहिजे, ठोकावा लागला तर एक शिम कमी करा.

---

टिळकवाडी_८०इंची

वरच्या उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आडून आलंय, ते सरळ सांगतो: बोल्टच. थेट वेल्डला तीन आक्षेप. वेल्डच्या कडेला तापून बदललेल्या पोलादाची एक पट्टी तयार होते, आणि रिव्हेटची चासी पीळ खायला लागली की चीर नेमकी तिथून सुटते. दुसरं, रेडिएटर किंवा इंजिन पुढून काढायचं झालं तर ग्राइंडर लावावा लागतो. तिसरं कागदाचं. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते (नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००, नंबरमध्ये व्हीए ही अक्षरं). पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. बोल्टचा बार दहा मिनिटांत उतरतो. वेल्डचा बार हा फेरफार नाही, असं आरटीओत पटवत बसावं लागेल. चासी नंबरच्या आसपास ग्राइंडर तर अजिबात नको.

व्हिंटेज नोंदणीच्या वाटेनं जाणार असाल तर नवीन भोकंही टाळा. सपाट पट्टीऐवजी एल आकाराची प्लेट करून मूळ बंपरच्या भोकांतच बसवा. ताकद थोडी कमी पडते, पण चासी अस्पर्शित राहते.

आणि बार शिंगांच्या आतच राहू दे. बाहेर काढून त्याला नळ्यांची कमान जोडलीत की तो बुलबार होतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं राज्यांना बुलबार-क्रॅशगार्डवर कारवाई करायला सांगितलंय.

हँडलबद्दल: पाइपला मधोमध भोक पाडू नका, ३३.७ च्या पाइपात हँडल जाण्याएवढं भोक म्हणजे अर्धा पाइप गेला. हँडल क्रँकच्या डॉगला (हँडल अडकतं त्या खाचेला) लावून त्याची रेषा पुढे आणा आणि बार त्या रेषेच्या वर किंवा खाली ३० मिमी मोकळा ठेवा. खाली घ्यायचा असेल तर अॅक्सल आणि ट्रॅक रॉड (पुढची दोन चाकं जोडणारा स्टिअरिंगचा दांडा) वर येतात ती जागा आधी तपासा.

---

खानापूर_३बी

धन्यवाद. ओळंबा लावून मोजलं. मध्यरेषेपासून उजवं शिंग ७ मिमी बाहेर, डावं २ मिमी. तिरकी मापं २ मिमीच्या आत. रंग काढल्यावर उजवीकडं क्रॉसमेंबरच्या वरच्या रिव्हेटपासून साधारण २५ मिमीची चीर दिसली, वरच्या फ्लँजच्या कडेपर्यंत अजून पोचलेली नाही.

अजून तीन शंका. शिंग सरळ कसं करू? गॅसनं तापवू का? हँडल आणि ट्रॅक रॉड दोन्ही चुकवायला पाइप मध्ये ६० मिमी खाली वाकवला तर? आणि एका बाजूची भोकं लांबट ठेवली तर शिमची कटकट वाचेल ना?

---

उद्यमबाग_वेल्डर

लांबट भोकं नको. मग सगळा भार बोल्टच्या घर्षणावर, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात बार सरकून परत तेच अंतर. शिमची कटकट एकदाच असते.

वाकवलेल्या पाइपचा हिशोब करून दाखवतो. समजा शिंगांवर बाहेरच्या दिशेनं २०० किलोचा जोर आला. ६५० मिमी लांबीचा सरळ २५ एनबी बी क्लास पाइप त्यात ०.०२ मिमी ताणतो, म्हणजे काहीच नाही. तोच पाइप मधल्या ४०० मिमीत ६० मिमी खाली उतरवला की ०.४ मिमीच्या आसपास उघडतो, वीसपट. तुटणार नाही, पण दर खड्ड्याला श्वास घेत राहील, आणि ते श्वास मोजणारी जागा म्हणजे तुमचा तो चिरलेला रिव्हेट. बार सरळच ठेवा, जागा वर-खाली सरकवून शोधा. अगदीच इलाज नसेल तर २० मिमीपेक्षा जास्त उतार नको आणि पाइप ३२ एनबी घ्या (४२.४ मिमी व्यास).

सरळ करणं: थंडच. लाल तापवलेलं शिंग पटकन वाकतं खरं, पण ते नेमकं तापवलेल्या जागी मऊ पडून वाकतं आणि पुढे तिथंच परत वाकतं.

एम२० ची आट्याची सळी दोन शिंगांतून आरपार, बाहेरून १० मिमी जाड प्लेटचे वॉशर. नुसती आवळलीत तर दोन्ही शिंगं आत येतील आणि डावं विनाकारण बिघडेल. म्हणून डाव्या शिंगाच्या टोकापासून उजव्या रेलवर क्रॉसमेंबरच्या मागे एक ५०×५० चा अँगल तिरका क्लँप करा, डावं हलायला नको. मग उजवं आत ओढा. पहिल्यांदा ७ नाही, १० मिमी ओढा, सोडा, मोजा. पोलाद परत जातं. मग १२, परत सोडा. दर वेळी १-२ मिमीनं वाढवा. शेवटी सळी पूर्ण सैल असताना १ मिमीच्या आत आलं की थांबा. डावीकडचे २ मिमी तसेच राहू द्या.

एवढ्यात चीर लांबू नये म्हणून ओढण्याआधी चिरेच्या टोकाला ३.५ मिमीचं भोक पाडा. टोक नेमकं कुठं संपतं ते बघायला डाय-पेनिट्रंटचा (चीर दाखवणाऱ्या रंगाचा) स्प्रे मारा. डोळ्याला दिसतं त्यापेक्षा चीर नेहमी थोडी पुढे गेलेली असते. शिंग सरळ झाल्यावरच चीर व्ही करून ७०१८ सळीनं भरा, सळी भट्टीत सुकवलेली हवी. पावसाळ्यात उघड्या पुडक्यातली सळी वापरलीत तर वेल्डशेजारी परत चीर. रिव्हेट ढिला असेल तर काढून भोक रीम करा आणि घट्ट बसणारा हाय-टेन्साइल बोल्ट घाला. वरून पट्टी मारायची तर ४ मिमीची, टोकं निमुळती, आणि फ्लँजच्या कडेवर आडवा वेल्ड नको.

क्रम चुकवू नका: चिरेला भोक, सरळ करणं, चीर वेल्ड, परत मोजणी, मग बार.

---

पाटेवाला_निपाणी

बारच्या नादात शॅकल विसरू नका. या गाडीला पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असतो, म्हणजे वळणावर पाट्याचा आडवा जोर थेट त्या मोकळ्या शिंगावर येतो. शिंग ७ मिमी बाहेर गेलं की यू-शॅकल तिरपा धरतो आणि आट्याच्या बुशची (शॅकल ज्यात फिरतो त्या नळीची) एकच बाजू झिजते. तुमचा उजवा शॅकल म्हणूनच गेलाय. चासी सरळ केल्यावर जुना शॅकल ठेवलात तर कट्कट् तशीच राहील आणि दोष बारला जाईल.

नवीन घेताना आटे बघा. काही शॅकल उलट्या आट्याचे असतात, त्यांच्या दांड्यावर छोटा उंचवटा असतो. सुलट्या बुशात उलटा शॅकल जबरदस्तीनं फिरवून आटे घालवलेले सेट खूप येतात. दोन्ही बुश एकदम सुरू करून, शॅकल दोन्हीकडं सारखा मध्यावर ठेवून आवळायचे, आणि नंतर शॅकल हातानं हलला पाहिजे. गच्च झाला तर पाटा तुटेल.

बार बसवताना गाडी घोड्यांवर असली तरी शेवटचं आवळणं चाकं जमिनीवर असताना करा. आणि अॅक्सल वर येण्याची जागा तपासायला एका चाकाखाली जॅक लावून बंप स्टॉपला (अॅक्सलला वर थांबवणाऱ्या रबराला) टेकेपर्यंत उचला, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. ट्रॅक रॉड आणि बारमध्ये निदान ४० मिमी जागा हवी. तेवढी नसेल तर बार वरच घ्यावा लागेल.

---

शहापूर_पद्मिनी

मध्येच विचारतो, असाच बार प्रीमियर पद्मिनीला पुढे टाकला तर गाडी स्थिर होईल का?

---

टिळकवाडी_८०इंची

दादा, पद्मिनीला वेगळी चासीच नाही, बॉडीच चासी. पुढे कॉइल स्प्रिंग आणि विशबोन आहेत, त्यामुळे जोर येतो तो क्रॉसमेंबर आणि त्याच्या बॉडीवरच्या बोल्टांवर. तिथला पत्रा गंजला असेल तर बार कितीही जाड घाला, तो कुजक्या पत्र्यालाच धरून बसेल. आधी तो पत्रा ठोकून बघा. वेगळा धागा काढा, इथं जीपचं चालू दे.

---

येळ्ळूरकर

रंगाचं कुणी सांगितलं न्हाई. पावडर कोटिंग करणार असालसा तर पट्टीच्या टेकायच्या अंगाला आणि शिमला कोटिंग नको, आधीच टेप मारून द्या. पावडरचा थर जाड असतोय, बोल्टखाली हळूहळू चेपतोय आणि टॉर्क जातोय. तिथं नुसता झिंक प्रायमर, पातळ. पाइपच्या आत त्या ३ मिमीच्या भोकातनं कॅव्हिटी वॅक्स (गंज थांबवणारं मेण) सोडा, पावसाच्या आधी.

आणि ते सुटे टो-हूक शिंगांवरच राहू द्यात. ओढायचा दोर बारला बांधायचा न्हाई. मधोमध ओढलं की बार धनुष्यासारखा वाकतोय आणि दोन्ही शिंगं आत येतात.

---

खानापूर_३बी

चीर आणि शिंग आधी घेतो. बार वर घ्यायचा ठरवला, हँडलच्या रेषेच्या वर ३५ मिमी जागा मिळतेय आणि मागे रेडिएटरपर्यंत ४५. बसवल्यावर परत किती दिवसांनी आवळू?

---

उद्यमबाग_वेल्डर

दिवसांवर नाही, किलोमीटरवर. पहिल्या १०० किमीला आणि मग ५०० ला. प्रत्येक नट आणि पट्टीवर मिळून एक रंगाची रेघ ओढून ठेवा, रेघ तुटली की नट फिरलाय. ५०० ला रेघा जागेवर असतील पण टॉर्क पाना लावल्यावर नट फिरत असेल, तर पट्टीखाली रंग किंवा शिम चेपतोय. तेव्हा नुसता आवळून सोडू नका, पट्टी उघडून बघा. त्याच वेळी ओळंबा परत सोडून उजवं माप घ्या. १ मिमीपेक्षा जास्त सरकलं असेल तर बार नाही, क्रॉसमेंबरचा रिव्हेट बघा.